व्याख्यानं पुष्कळ झाली, आता घरी या : पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सभासद,
पुणे शहरातील ज्येष्ठ नागरिक संघ

सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडमधल्या एका संघाची वर्गणी वेळेवर भरणारी सभासद आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. चाळिशीत आमवाताने गाठलं आणि पुढे दोन्ही गुडघे बदलावे लागले. हे पत्र माझ्या एकट्या संघाला देता आलं असतं, पण तिथे आलेलं पत्र फायलीला लागतं आणि फाइल कपाटात जाते. शिवाय जे सांगायचंय ते कर्वेनगरपासून हडपसरपर्यंत सगळ्याच संघांना लागू आहे. म्हणून उघडच लिहिते.

आपल्या फलकावर अधूनमधून एक सूचना लागतेच : ‘गुडघेदुखीवर तज्ज्ञांचे व्याख्यान. हाडांची मोफत तपासणी. चहापानाची सोय केली आहे.’ वेळ पाचची असते आणि साडेचारलाच पहिल्या दोन रांगा भरलेल्या असतात. डॉक्टर येतात, प्लॅस्टिकचा गुडघा उघडून दाखवतात, पडद्यावर चित्रं दाखवतात. मग प्रश्नोत्तरं. दोन्ही गुडघे एकदम बदलावेत का? रोबोने केलेलं जास्त चांगलं का? खर्च किती? टिकतो किती वर्षं? प्रश्न रास्तच आहेत. पण ऑपरेशन करून घरी आणल्यावर रात्री तीन वाजता मला बाथरूमपर्यंत कोण नेणार, हा प्रश्न मी आजवर एकाही सभेत ऐकलेला नाही. डॉक्टरांना विचारूनही उपयोग नाही, कारण तो त्यांच्या हातातला नाहीच. तो आपल्या हातातला आहे. माझं म्हणणं एवढंच, की ऑपरेशन दवाखान्याने करावं आणि पुढचे दोन-तीन महिने संघाने अंगावर घ्यावेत.

आधी त्या मोफत तपासणीचं बोलते, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. टाच यंत्रात ठेवून जी तपासणी होते ती हाडांच्या घनतेचा अंदाज देते. आपल्या वयात गुडघा दुखतो तो बहुतेकांचा आतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजल्यामुळे. हाडं ठिसूळ होणं हा एक आजार, सांधा झिजणं हा दुसरा. एक असला म्हणजे दुसरा असतोच असं नाही. घनता नीट मोजायची तर कंबरेचा आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन करतात, आणि गुडघ्याची झीज बघायची तर उभं राहून एक्स-रे काढावा लागतो. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. तरीही शिबिरातून ‘स्कोअर कमी आला’ असा कागद घेऊन माणसं बाहेर पडतात ती ‘आता गुडघा बदलावा लागणार’ असं म्हणतच. एका शिबिरात तर त्याच कागदाच्या मागच्या बाजूला ऑपरेशनच्या पॅकेजवरची सवलत छापलेली होती. शिबिर कुणाचंही असो, असल्या कागदाला संघाने आपल्या सभागृहात जागा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा गोंधळ कट्ट्यावरचा. सांधा दुखला की ‘वात’, आणि वात म्हटला की सगळ्यांना एकच उपाय : आंबट सोडा, मेथीचे लाडू खा, अमक्या तेलाने चोळा. वयाबरोबर होणारी झीज वेगळी आणि माझा आमवात वेगळा. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तो ऐन तारुण्यातही येतो, बोटं-मनगटं अशा लहान सांध्यांत येतो, बहुधा दोन्ही बाजूंना सारखा. सकाळी उठल्यावर तास-तासभर मूठ वळत नाही. झिजलेला गुडघा सकाळी आखडला तरी सहसा अर्ध्या तासात मोकळा होतो, आणि तो जास्त चाललं की दुखतो. आमवाताचं उलटं, बसून राहिलं की सगळं अंग धरतं. त्यामुळे ‘तू जरा आराम कर’ हा प्रेमाचा सल्ला मला कधी मानवलाच नाही.

यातला जिवाशी खेळ होतो तो गोळ्यांत. आमवाताच्या बऱ्याच पेशंटना मेथोट्रेक्सेट नावाची गोळी असते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि जिवावर बेततं. म्हणून माझ्या डबीवर मार्करने ‘रविवार’ असं लिहिलेलं आहे. शेजारच्या खुर्चीतली मैत्रीण ‘मला एवढा गुण आला, तूही घेऊन बघ’ म्हणत पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढते तेव्हा मला धडकी भरते. पेनकिलरची देवाणघेवाणही त्यातलीच. बीपी, किडनी आणि पोट, आपल्या वयात तिन्ही नाजूक, आणि या गोळ्यांचा मार नेमका त्या तिघांवर. कुठूनशा आणलेल्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत दुखणं पळालं तर आनंद मानण्याआधी शंका घ्या. असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं निघतं. चेहरा गोल व्हायला लागला की मग घरच्यांच्या लक्षात येतं.

आता ऑपरेशनकडे येते. ते करावं की नाही, हे ना मी सांगणार ना संघाने सांगावं. वजन, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, काठी, औषधं हे सगळं मनापासून करून झाल्यावरही रात्रीची झोप लागत नसेल, दारापर्यंत चालणं नको होत असेल, तर माणूस आपण होऊनच डॉक्टरांकडे जातो. बायका मात्र तेव्हाही जात नाहीत. आधी सुनेचं बाळंतपण, मग नातवाची दहावी, मग घरातलं कार्य. गुडघा सरळही होईना आणि वाकेही ना, अशी अवस्था आली की मग निघतात. ऑपरेशनआधी पायात जेवढी ताकद आणि हालचाल शिल्लक असेल तेवढं नंतर सावरणं सोपं जातं, हे त्यांना कुणीतरी ठणकावून सांगायला हवं, आणि ते नवऱ्याच्या समोर.

टिकण्याबद्दल जी भीती आहे ती जुनी झाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या पाहणीनुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. सत्तरीत बसवलेला गुडघा बहुतेकांना जन्माला पुरतो. पण नाण्याची दुसरी बाजू व्याख्यानांत येत नाही. ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही साधारण पाचांतला एक पेशंट पूर्ण समाधानी नसतो. कुणाचं दुखणं राहतं, कुणाचा गुडघा हवा तेवढा वाकत नाही. पुढच्या वेळी व्यासपीठावर डॉक्टरांबरोबर ज्याचं छान झालं तो सभासद बसवालच, त्याच्या शेजारी ज्याचं मनासारखं झालं नाही तोही बसवा. ऐकणाऱ्यांना खरा उपयोग त्याचाच होईल.

खर्चाचंही दोन ओळींत. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. नेहमी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची तेव्हाची मर्यादा करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये होती. मर्यादा सांध्यावर आहे, बिलावर नाही. खोली, थिएटर, सर्जनची फी हे निराळं, म्हणून बिलात सांध्याची रक्कम वेगळी दाखवायला सांगा. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं कार्ड काढता येतं, उत्पन्नाची अट नाही. ते कार्ड कोणत्या दवाखान्यात आणि नेमक्या कोणत्या ऑपरेशनला चालेल, हे भरती होण्याआधी विचारून घ्यावं लागतं. मोबाइलवर ओटीपी येईपर्यंत गांगरून जाणारे आपले कितीतरी सभासद आहेत. त्यांच्या शेजारी बसून एका दुपारी पाच-सहा कार्डं काढून देणारा एक कार्यकर्ता संघाला मिळाला, तर तो दहा व्याख्यात्यांना भारी आहे.

पुण्यात सर्जनांची वानवा नाही. भारतीय बनावटीचा ‘इंडस’ गुडघा ज्यांनी विकसित केला ते डॉ. के. एच. संचेती याच शहरातले. ती बाजू भक्कम आहे. लंगडी आहे ती पुढची बाजू, आणि तिचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे आपलं काम आहे.

मला घरी आणलं त्या संध्याकाळी आमच्या ह्यांनी मोठ्या प्रेमाने गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. इतकं बरं वाटलं, की मी डोळेच मिटले. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीची मुलगी आली. तिने नमस्कारसुद्धा नंतर केला, आधी ती उशी काढली. एका जाड टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवली, म्हणजे गुडघा अधांतरी राहून स्वतःच्या वजनाने सरळ होऊ लागला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ती म्हणाली, ‘आजी, वाकवायचं बघू हळूहळू, आधी सरळ करू. वाकडा राहिला तर जन्मभर लंगडाल.’ गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही हे एक वाक्य मला दवाखान्यातून निघताना कुणी बोललं नव्हतं. औषधांची यादी दोन पानी होती.

नवीन गुडघा किती वाकायला हवा, याचंही साधं गणित तिनेच समजावलं. सपाट जमिनीवर चालायला साधारण ६५ ते ७० अंश पुरतात. जिना चढायला ८० च्या वर लागतात, उतरायला आणखी थोडे. खुर्चीतून हात न टेकता उठायचं तर ९० च्या पुढे जावं लागतं. हे कळल्यावर व्यायाम शिक्षा वाटेनासा झाला. पलंगावर पाय पसरून टाच आपल्याकडे ओढायची, ती चादरीवर अडकते म्हणून खाली प्लॅस्टिकची पिशवी घ्यायची. मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीत दाबायचा आणि पाच म्हणेपर्यंत धरायचा. पावलं वर-खाली करायची, पोटऱ्यांत रक्त साकळू नये म्हणून, तीही दिवसातून किती वेळा तर आठवेल तेव्हा. दुखण्याची गोळी व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास. बर्फ नेहमी फडक्यात गुंडाळून. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात नाही, विरुद्ध हातात. या शेवटच्या गोष्टीवर आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाने मला थांबवून ‘अहो, काठी चुकीच्या हातात आहे’ असं सुनावलं आहे. पुण्यात राहायचं म्हणजे हे चालायचंच.

आणि काही गोष्टी अशा, की त्या डॉक्टरांच्या दृष्टीने किरकोळ असतात म्हणून ते सांगत नाहीत आणि पेशंटला त्या कुणाला विचारायच्या ते कळत नाही. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टा बधिर होतो. तिथून जाणारी त्वचेची बारीक शीर कापली जाते म्हणून. पुढे तो पट्टा लहान होतो, काहींचा थोडासा राहतोच. गुडघा कित्येक महिने दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. चालताना आत ‘टक’ असा आवाज येतो, धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना लागल्याचा, त्याने काही बिघडत नाही. पोट साफ होत नाही, हा जोरदार वेदनाशामक गोळ्यांचा प्रताप. दिवस निभतो, पण रात्र निभत नाही. कुशीवर वळता येत नाही, तीनला जाग येते, पाचला चहाची वाट बघत छताकडे बघायचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ‘कशाला केलं हे’ असं वाटून रडू येतं. मला वाटलं मीच तेवढी रडूबाई. नंतर ज्या-ज्या बाईला विचारलं तिने हेच सांगितलं, आणि एका निवृत्त फौजदारांनीसुद्धा, इकडेतिकडे बघून.

आता सांगा, हे सगळं मला कुणी सांगायला हवं होतं? ज्याचं होऊन गेलंय त्याने. दहा मिनिटांचं काम आहे. प्रत्येक संघात गुडघा बदललेली डझनभर माणसं सहज निघतील. त्यांची यादी करा. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांच्याकडे आधी एकदा आणि घरी आल्यावर पहिल्या दीड महिन्यात आठवड्यातून एकदा, यादीतल्या कुणीतरी जावं. गुडघेवाल्याकडे गुडघेवाल्याने आणि खुबेवाल्याकडे खुबेवाल्याने, कारण खुब्याची पथ्यं निराळी असतात. खुबा बदलल्यावर सुरुवातीला पायावर पाय टाकू देत नाहीत, बुटक्या खुर्चीत बसू देत नाहीत, खाली वाकून चप्पल उचलू देत नाहीत. शक्यतो बाईकडे बाईने जावं. बाथरूमचं बोलायचं असतं.

जाणाऱ्याने औषधपाण्यात तोंड घालायचं नाही. त्याने फक्त घर बघायचं. पलंग फार खाली आहे का? पायपुसणी अजून जमिनीवर आहेत का? त्यावरून वॉकर घसरतो. कमोडपाशी धरायला काही आहे का? टॉवेलचा दांडा धरून उठू नये, तो भिंतीतून निघून येतो. पेशंट एकटा असेल आणि ब्यूरोतून मावशी लावली असेल, तर मावशींना उठवायचं कसं हे दाखवावं. काखेत हात घालून वर ओढायचं नाही, पेशंटने खुर्चीचे हात दाबून उठायचं आणि मावशींनी नुसतं शेजारी उभं राहायचं. मुलगा न्यू जर्सीत आणि मुलगी बंगळूरला असलेली घरं आपल्याकडे थोडी नाहीत. त्या मुलांना व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा दिसतो, बाथरूमची ओली फरशी दिसत नाही.

दोन गोष्टींत मात्र जाणाऱ्याने शहाणपणा न करता लगेच फोन लावायचा. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, किंवा छातीत दुखून धाप लागली, तर पायात रक्ताची गुठळी झाल्याची किंवा ती फुफ्फुसात गेल्याची शक्यता असते. तिथे ‘उद्या बघू’ चालत नाही. दुसरी, जखमेतून पाणी किंवा पू यायला लागला, ताप आला, लाली पसरायला लागली. अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक आणून गिळायचं नाही, ज्याने ऑपरेशन केलं त्याला दाखवायचं. आमवातवाल्यांना जंतुसंसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यांची कोणती औषधं ऑपरेशनच्या सुमारास चालू ठेवायची आणि कोणती थांबवायची, हे सर्जन आणि संधिवाताचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवलंय ना, एवढं आधीच विचारून ठेवावं.

सध्या बघायला जे येतात त्यांच्याबद्दल बोलू नये, पण बोलते. शहाळं आणतात, बिस्किटांचे पुडे आणतात, थेट पेशंटच्या पलंगावर बसतात आणि ‘आमच्या साडूंचा बिघडला हो’ इथपासून सुरुवात करतात. जाताना ‘लवकर बऱ्या व्हा, आळंदीला जायचंय’ असं म्हणतात. चार माणसं अशी येऊन गेली की त्या दिवसाचा व्यायाम बुडतो. हीच चार माणसं पाळी लावून आली, एकाने जिन्यावर सोबत केली, एकीने भाजी निवडून दिली, एकाने वीजबिल भरलं, तर केवढं काम होईल. कोथरूड-एरंडवण्यातल्या जुन्या तीनमजली इमारतींना लिफ्ट नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या मजल्यावरची बाई पहिल्यांदा खाली उतरते तेव्हा एक माणूस तिच्या एक पायरी खाली उभा लागतो. त्याने धरायचं नसतं, असायचं असतं.

सामानाचं बघा. वॉकर, काठी, कमोडची खुर्ची, कमोडवर बसवायची उंच बैठक, हे दोन-तीन महिन्यांपुरतं लागतं आणि नंतर माळ्यावर जातं. पुण्यातल्या काही संस्था अनामत घेऊन रुग्णोपयोगी साहित्य देतात, त्यांचे उपकार आहेत, पण ते आणायला-पोचवायला माणूस लागतो आणि तोच घरात नसतो. आपल्या संघाच्या कपाटात काय आहे? हार्मोनियम, ढाली, दहा वर्षांचे दिवाळी अंक. एक कप्पा रिकामा करा. सभासदांच्या माळ्यांवर पडलेले वॉकर गोळा करा, पुसा, तपासा. वॉकर नुसता असून चालत नाही. सरळ उभं राहून हात सोडले तर मनगटाची घडी येते तिथे त्याची मूठ यायला हवी. चारही पायांची उंची सारखी हवी आणि तळाची रबरी बुचं झिजून धातू बाहेर आलेला नको. माझ्यासारखी ज्यांची बोटं वाकडी झालीत त्यांना बारीक मूठ धरवत नाही. मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून मुठींवर गुंडाळल्या, तेव्हा कुठे पकड आली. हातच फार दुखत असतील त्यांच्यासाठी कोपरापर्यंतचा हात टेकता येईल असा वॉकर मिळतो. असा एकतरी संघाकडे असावा.

आता संघाच्या सभागृहाबद्दल, आणि हे थोडं लागेल. आपल्या खुर्च्यांना हात नाहीत. एकावर एक रचून ठेवायला सोयीच्या म्हणून घेतलेल्या त्या पातळ खुर्च्यांतून सांधा बदललेला माणूस उठणार कसा? पुढच्याच्या पाठीला धरून उठतो, मग पुढचा दचकतो. निदान दोन रांगा हातांच्या, जरा उंच खुर्च्यांच्या करा, आणि त्या पहिल्या नव्हे तर दाराजवळच्या, म्हणजे मध्येच उठून पाय मोकळे करता येतील. पंच्याहत्तरीच्या सत्काराला आपण ज्याला व्यासपीठावर बोलावतो, त्याने चढायच्या तीन पायऱ्यांना कठडा नाही. शाल-श्रीफळ दोन्ही हातांत देऊन आपण त्याला उतरायला सांगतो! सत्कार खाली येऊन करा. हळदी-कुंकू, भजन, सत्यनारायण, काहीही असो, ‘खाली बसता येत नाही का तुम्हाला’ हे विचारणं बंद करा. मांडी घालणं, उकिडवं बसणं बहुतेक सर्जन नंतर टाळायलाच सांगतात.

राहिलं बाहेरचं. फूटपाथवर लावलेल्या दुचाक्या आणि उचकटलेले पेव्हर ब्लॉक यांवर महापालिकेला लिहायचं पत्र वेगळं आहे, ते मी लिहिणार आहे. तोवर संघाने एवढं करावं : जवळची सपाट, बाकं असलेली बाग ठरवावी आणि काठी-वॉकरवाल्यांसाठी आठवड्यातले दोन दिवस सोबतीचे ठेवावेत. एरंडवण्यातलं कमला नेहरू पार्क त्याला चांगलं आहे. रिक्षात आधी पाठ करून बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे, हे कुणीतरी सोबत असताना एकदा करून बघितलं की भीती जाते. मेट्रोच्या स्टेशनांना लिफ्ट आहे. वनाजहून मेट्रोत बसून रामवाडीपर्यंत जाऊन यायचं, काम काही नाही, नुसतं जाऊन यायचं. घरात कोंडून घेतलेल्या बाईला त्याने किती उभारी येते ते बघा. जाताना वॉकर, येताना काठी, असंही होतं कुणाकुणाचं.

तेव्हा अध्यक्ष महाशय, पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या आणि तो ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलू नका. भेटीला जाणाऱ्यांची यादी, साहित्याचा कप्पा आणि हातांच्या खुर्च्या, एवढ्या तीनच ठरावांना सूचक म्हणून माझं नाव लावा. कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे इथल्या कुठल्याही संघाची बाई ऑपरेशन करून घरी आली तर मी जाईन. सकाळी अकरानंतर मला जमतं. त्याआधी माझीच बोटं वळत नाहीत.

आपली,
कोथरूडमधल्या एका संघाची सभासद

ता. क. वॉकरची आणि काठीची रबरी बुचं वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत सुटी मिळतात. जुनं बूच काढून बरोबर न्यावं, मापं वेगवेगळी असतात. आणि चारही एकदम बदलावीत, एकच बदललं तर वॉकर डुगडुगतो.